कोण गो ही शरयू?

"मग नाव काय ठेवायचं हिचं?" कासवबाईंनी विचारलं, आणि माझ्या संसारात बिब्बा घातला गेला तो तिथून.

सकाळची रापण नुकतीच ओढून झाली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि मग सगळी वाडी दोन्हीकडचे दोर धरून ते वाळूवर खेचते, त्यात बायकाही आल्या. त्या दिवशी जाळ्याच्या पोटात पेडवे होते, थोडे बांगडे होते आणि त्यांच्या मधोमध परातीहून मोठं एक कासव बसलं होतं. नेहमीचं अंडी घालायला येणारं नव्हे, हिरव्या जातीचं. कासवबाई गेले दोन-तीन महिने अशाच एकाची वाट बघत आमच्या वाडीत खोली घेऊन राहिल्या होत्या. त्यांचं खरं नाव ऋजुता. पुण्याहून आलेल्या, समुद्रातली कासवं काय खातात नि कुठं हिंडतात यावर शिकणाऱ्या. वाडीनं त्यांना पहिल्याच आठवड्यात कासवबाई करून टाकलं होतं.

वनखात्याची परवानगी त्यांच्या पिशवीत होती आणि यंत्रही. ते त्यांनी कासवाच्या पाठीवर चिकटवलं. त्याला एक बारीक तार होती. कासव श्वास घ्यायला पाण्यावर आलं की ती तार आकाशातल्या उपग्रहाला कळवणार आणि उपग्रह बाईंच्या कॉम्प्युटरला. चिकटवलेलं सुकेपर्यंत कासव वाळूवरच ठेवायचं होतं, त्याच्या अंगावर ओलं कापड घालून. बाईंनी नुसतं कापड म्हटलं मात्र, आमचे हे धावत घरी गेले आणि दोरीवर वाळत घातलेली माझी साडी घेऊन आले. ती तरी साधी असावी! भावानं भाऊबिजेला दिलेली, निळ्या काठांची. ती समुद्रात भिजवून त्यांनी कासवाला पांघरली, चारी बाजूंनी नीट सारखी केली, आणि शेजारी उकिडवे बसून तिच्यावर ओंजळीनं पाणी घालत राहिले. मला बाळंतपणात ताप भरला होता तेव्हा यांनी माझ्या कपाळावर एक घडी ठेवली नव्हती.

आमचे हे म्हणजे रापणीचे तांडेल, जाळं कुठं नि कधी टाकायचं हे ठरवणारे. नाव जयवंत. लिहायला हरकत नाही. तोंडानं घ्यायचं नसतं, आमच्या पिढीनं तरी कधी घेतलं नाही.

"शेपूट आखूड आहे, म्हणजे मादी," बाई म्हणाल्या. "आणि तांडेलांच्या जाळ्यात आली, तर नाव तांडेलांनीच ठेवायचं."

शेपूट लांब असतं तर नाव बाप्याचं ठेवावं लागलं असतं आणि मी वाचले असते. पण नशीब!

"लक्ष्मी ठेवा," कोणी म्हणालं. "गंगा ठेवा." "सुगंधा ठेवा, दोघांची चाल एकच," असं कोणीतरी म्हणताच शेजारच्या सुगंधानं त्याला पाटी फेकून मारली. सगळे हसत होते. हे हसत नव्हते. ते त्या साडीकडे बघत होते.

"शरयू," ते म्हणाले.

त्यांना आठवावं लागलं नाही की दोन नावांत निवड करावी लागली नाही. तोंडात धरून ठेवलेलं बाहेर यावं तसं ते नाव बाहेर आलं. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाळिशी उलटलेला तांडेल, दोन मुलांचा बाप, कान लाल करून वाळूत बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

सुगंधानं मला कोपरानं ढोसलं. "भागी, कोण गो ही शरयू?"

"माका काय म्हायत?" मी म्हटलं.

"तुका म्हायत नाय, आणि तेंका म्हायत आसा," सुगंधा म्हणाली आणि डोळे मिचकावून मासे वेचायला गेली. तिचं एक चांगलं होतं, आग लावली की ती वाऱ्याला उभी राहायची नाही.

आमच्या गाबतांच्या, म्हणजे मासे मारणाऱ्यांच्या, वाडीत शरयू नावाची बाई नव्हती. सखू होत्या, पारू होत्या, सुगंधा, द्रौपदी, मथुरा होत्या. शरयू हे नाव मास्तरांच्या घरातलं, हार्मोनियम शिकणाऱ्या मुलीचं. आणि लग्नाआधी हे दोन वर्षं रत्नागिरीला एका मोठ्या बोटीवर कामाला होते. हे दोन्ही माझ्या डोक्यात बांगडे पाटीत भरता भरताच एकत्र आलं.

दुपारी जेवायला वाढताना मी सरळ विचारलं नाही. मी म्हटलं, "नाव बरा शोधलात."

"सुचला ता सांगलंय," ते म्हणाले आणि भातात कढी जास्त ओतून घेतली.

"रत्नागिरीक सुचला काय?"

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. "काय ता बोलतंस गो," एवढंच म्हणाले. सासूबाई दारात बसून पेडवे साफ करत होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं. निदान ऐकायचं नसलं की यायचं नाही.

आता हे "गो" नीट समजून घ्यायला हवं. लग्न झाल्यापासून माझ्या नवऱ्यानं मला नावानं हाक मारलेली नव्हती. एकदाही नाही. लग्नात माझं नाव भागीरथी ठेवलं. भागीरथी म्हणजे सासूबाईंच्या सासूचं, यांच्या आजीचं नाव. ज्या आजीनं यांना वाढवलं, जिच्या पाया पडल्याशिवाय हे कधी होडीत चढले नाहीत, तिचं नाव घेऊन "चहा आण" कसं म्हणणार? म्हणून मी "गो" झाले. "गो, हंय ये." "गो, चावी खंय?" वाडीतल्या शेळ्यांनाही यापेक्षा बरी नावं होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं, शरयू येईपर्यंत.

कारण त्या दिवसापासून आमच्या घरात ते नाव सकाळ-संध्याकाळ घुमायला लागलं. रापण आटोपली की हे कासवबाईंच्या खोलीवर. परत आले की ओटीवरूनच सुरू. "शरयू काल खाडीच्या तोंडाक होती." "शरयू खंय गेली नाय, हंयच आसा." "शरयू पाण्यावर चारदा इली." मी दळत असले तरी शरयू, मीठ लावत असले तरी शरयू. गोड बोलायचे त्या नावाशी! त्यांच्या आवाजात तो गोडवा होता हेच मला माहीत नव्हतं. मी म्हणत होते, हा माणूस मुळातच कोरडा आहे, आपण काय करणार. कोरडा नव्हता तो. ओल दुसरीकडे मुरली होती.

रात्री पाठ करून झोपायला लागले. आमटीत मीठ कमी-जास्त होऊ दिलं. यांच्या काही लक्षात आलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

शेवटी मी ठरवलं, सवत आहे तरी कशी ते एकदा बघून यावं.

ओहोटीच्या वेळी कासवबाई लहान होडीतून खाडीच्या तोंडाशी जायच्या. मी म्हटलं, मी येते वल्हवायला. त्यांना बरंच वाटलं. बरोबर त्यांनी एक पत्र्याचा डबा घेतला होता, बूड कापून तिथं काच बसवलेला. तो पाण्यात अर्धा बुडवून वरून बघायचं की तळ स्वच्छ दिसतो.

मी बघितलं. लहानपणापासून त्या पाण्यावरून गेलेली मी, पण खाली एवढं गवत आहे हे मला माहीत नव्हतं. जाळ्यात तुटक पाती यायची, ती आम्ही कचरा म्हणून झटकून टाकायचो. इथं ते लांबच लांब पसरलेलं होतं, प्रवाहाबरोबर एका बाजूला लवणारं. त्यात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, नखाएवढी पिल्लं उड्या मारत होती. आणखी कसली कसली बारकी पिल्लं पात्यांत शिरत होती नि बाहेर येत होती.

"हे शेवाळ नाही हं," बाई म्हणाल्या. "याला मुळं आहेत, फुलंसुद्धा येतात. तुम्ही बाजारात जे विकता, त्यातलं कितीतरी इथंच लहानाचं मोठं होतं."

"आणि ती?"

"ती बघा, उजवीकडे."

ती चरत होती. गाय चरते तशीच, मान थोडी तिरकी करून, घास तोडून, सावकाश. पाठीवर माझ्या साडीखाली सुकलेलं ते यंत्र. तपकिरी पाठ, तिच्यावर सूर्याचे किरण काढावेत तशा रेषा. दिसायला देखणी होती, ते मान्य करायलाच हवं. मी फार वेळ बघितलं नाही.

"ती खाते त्यानं गवत संपत नाही काय?" मी विचारलं. खोड काढायची म्हणून.

"उलट. जुनी पाती कापली जातात, नवी कोवळी फुटतात. गवत संपतं ते दुसऱ्या गोष्टींनी." त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "रागावू नका, पण रापणीच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या असतात ना, तो इथून ओढला की गवत मुळासकट येतं. तो बघा, तिकडे उघडा पट्टा दिसतोय. तांडेलांना मी दाखवलाय."

यांना दाखवलाय. म्हणजे हेसुद्धा इथं येऊन, याच डब्यातून तासन्‌तास तिच्याकडे बघत बसले असणार.

"बाई, एक विचारू? तिचं नाव असं का ठेवलं, ते हे कधी बोलले तुमच्याजवळ?"

कासवबाई हसल्या. पोरगी भोळी होती, तिला यात काही वावगं दिसलं नाही. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, जुनं नाव आहे. एका माणसासाठी राखून ठेवलेलं होतं, पण वापरायला मिळालं नाही."

परत येताना मी एवढ्या जोरात वल्हं मारलं की बाईंचा डबा होडीत लवंडला. राखून ठेवलेलं! म्हणजे लग्न ठरलं होतं. नाव बदलून काय ठेवायचं इथपर्यंत गोष्ट गेली होती. मग कोणीतरी मोडलं आणि तिच्या जागी मी आले, आजीचं नाव डोक्यावर घेऊन. इतकी वर्षं मी दुसरीच्या ताटात जेवत होते.

मी त्याच रात्री पिशवी भरली असती. खाडीपलीकडे माहेर आहे, भाऊ आहे, तर पर्वा कोणाची? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रापणीच्या मांगरात बैठक होती, आणि बैठक कशासाठी आहे हे मला सुगंधाकडून कळलं. म्हटलं, जायचं ते सगळ्यांसमोर एकदा विचारूनच जायचं.

मांगर म्हणजे जाळी ठेवायची आमची शाकारलेली पडवी. पुरुष जाळ्यांच्या ढिगांवर बसले होते, बायका दारापाशी. सासूबाई कुडाला टेकून सुपारी कातरत होत्या. कासवबाई एका कोपऱ्यात संकोचून उभ्या होत्या. हे मध्ये उभे राहिले.

"खाडीच्या तोंडाकडलो जो पट्टो आसा," हे म्हणाले, "थंय जाळा ओढूचा नाय असा माझ्या मनात आसा. रापण उत्तरेक न्हेवया, उंडीच्या झाडाकडे."

एकदम गलका झाला. उत्तरेला मासळी कमी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"आणि खावचा काय?" महादू म्हणाला. तो रापणीतला सगळ्यांत जुना गडी.

"पयली एक-दोन वर्सां कमी गावतला," हे म्हणाले. "पण पिल्लां त्या गवतात वाढतत. गवत ऱ्हवला तर मासो ऱ्हवतलो. मी डोळ्यांनी बघलंय."

"डोळ्यांनी तुमी शरयूक बघलास!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. "तांडेल कासवाच्या नादाक लागले!"

"भागीवैनी, तुमचा काय म्हणणा?" महादूनं मला विचारलं. तसं विचारायचा रिवाज होता. मासळी बाजारात नेऊन विकणाऱ्या आम्ही बायका. आम्ही नाही म्हटलं तर पुरुषांनी पकडलेलं वाळूवरच कुजायचं. आणि तांडेलाच्या बायकोनंच नाही म्हटलं असतं तर उत्तरेला कोण जाणार होतं?

हे माझ्याकडे बघत होते. इतक्या आशेनं ते माझ्याकडे बघत होते की माझा आणखीच भडका उडाला. आशा कोणासाठी? तिच्यासाठी.

मी उठले. "माझा म्हणणा इतक्याच," मी म्हटलं. "जाळा हलवा नायतर समुद्रात बुडवा. पण आदी माका एक सांगा. जिच्यासाठी वाडीन अर्धपोटी ऱ्हवाचा, ती शरयू कोण? नाव खंयसून इला? कोणासाठी राखून ठेवलला होता? ह्यांनी हंय सगळ्यांसमोर सांगूचा. नाय सांगला तर मी उद्या खाडीपलीकडे जातंय, आणि रापणीची पाटी परत डोक्यावर घेवचंय नाय."

कुडापाशी सासूबाईंचा अडकित्ता तेवढा चालू होता. हे लाल झाले, मग पांढरे झाले. त्यांनी तोंड उघडलं, एकदा कुडाकडे बघितलं, आणि तोंड मिटून मांगराच्या बाहेर चालते झाले.

झालं. आणखी काय पुरावा हवा होता? मी पदर तोंडाला लावला. इतका वेळ रागावर तगून होते, आता रडू आवरेना.

"अगो," सासूबाई म्हणाल्या. अडकित्ता थांबला होता. "रडतंस कित्याक? ता तुझाच नाव."

"काय?"

"तुझा नाव. शरयू. लगनात तांदूळ पसरलले ताटात, नवरीचा नाव लिवूक. तर ह्या रांडेच्यान आंगठेन लिवल्यान शरयू. कोणाक इचारल्यान नाय, काय नाय. मी हातान पुसलंय. माझ्या सासूचा नाव परत घरात येवक होया होता माका. मगे तेच्याकडसून भागीरथी लिवन घेतलंय." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "नदीचाच नाव होया होता, तर भागीरथी काय वायट?"

मला आठवलं. मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर, रडून रडून काही दिसत नव्हतं. ताटाभोवती बायकांची गर्दी. एकदा तांदूळ विस्कटले आणि परत सारखे केले होते. मला वाटलं होतं, अक्षर बिघडलं असेल.

"इतके दिस तुमी बोललास नाय?" मी विचारलं.

"माका कोणी इचारला?" सासूबाई म्हणाल्या.

आता मांगर जो हसायला लागला तो थांबेना. महादू जाळ्यावर आडवा झाला. सुगंधा माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मेल्ये, स्वतावरच जळत होतंस?"

त्या वेळी माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, डोळे पाणावायला हवे होते. पण खरं सांगते, मला पहिल्यापेक्षा जास्त राग आला. नाव माझं! माझ्यासाठी शोधलेलं, माझ्यासाठी तांदळात लिहिलेलं, एकदाही न वापरलेलं कोरं करकरीत नाव, आणि ते या माणसानं एका कासवाला देऊन टाकलं. रत्नागिरीची बाई परवडली असती. ती निदान स्वतःचं नाव घेऊन बसली असती.

मी सुगंधाला बाजूला केलं आणि बाहेर गेले.

हे होडीला टेकून उभे होते. सूर्य अजून बुडाला नव्हता. मांगरातलं हसणं तिथपर्यंत ऐकू येत होतं, त्यामुळे काय झालं असेल ते त्यांना कळलं असणारच. मला बघून त्यांनी होडीची दोरी सोडली आणि उगीच परत बांधायला घेतली.

"माझा नाव तिका कित्याक दिलात?" मी म्हटलं.

"फुकट जाय होता," ते म्हणाले. दोरीकडे बघून. "इतकी वर्सां तसाच पडान होता. एकदा तरी कोणाक तरी त्या नावान हाक मारूची होती."

"आणि मी काय मेललंय?"

"तुका कशी मारू? आईन पुसलला नाव आईसमोर तुका कसा लावू?"

"समुद्रावर घेतलात ता?"

"कासव काय आईक सांगणा नाय."

मला हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही. तेवढी सवड दिली असती तर हे पुन्हा "चल गो" म्हणून घरी निघाले असते, आणि मग सगळं आयुष्य तसंच गेलं असतं.

"आता ऐका," मी म्हटलं. "जाळा उत्तरेक न्हेवा. माझी ना नाय. मासळी कमी गावली तर बाजारात मी सांभाळतंय, बायकांकही मी सांगतंय. ता गवत तिका देवा, सगळा देवा. साडीही तिका दिली. पण नाव माका होया."

"म्हंजे?"

"म्हंजे हाक मारा. आता. हंयच."

त्यांनी मांगराकडे बघितलं. "सगळे आयकतले."

"तिच्या नावान रोज बोंबलतास तेव्हा कोण आयकणा नाय?"

त्यांनी घसा खाकरला. समुद्राकडे बघितलं, वाळूकडे बघितलं. भर वादळात होडी आत घालणारा माणूस, पण बायकोच्या तोंडाकडे बघून तीन अक्षरं म्हणायला त्याला घाम फुटला होता.

"शरयू," ते पुटपुटले.

आईशपथ, माझ्या अंगावर काटा आला. पण मी ओ दिली नाही. गेले कित्येक दिवस मी ते नाव दुसरीसाठी ऐकलं होतं, ओटीवरून, पडवीतून, तोंड भरून. माझ्या वाट्याला पुटपुट का म्हणून?

"आयकाक इला नाय," मी म्हटलं, पाठ फिरवली आणि चालायला लागले. चांगली वीस-पंचवीस पावलं गेले असेन.

"शरयूऽऽ!"

हा तांडेलाचा आवाज होता. भर समुद्रातल्या होडीला वाळूवरून हुकूम सोडायचा आवाज. तो मांगरात गेला, माडांत गेला, खाडीच्या तोंडापर्यंत गेला असेल.

मांगरातून सगळे धावत बाहेर आले. "खंय? खंय वर इली?" महादू लुंगी सावरत पाण्याच्या कडेला गेला. सुगंधा त्याच्या मागे. कासवबाई गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावत चपला टाकून पळाल्या. बघता बघता सगळी वाडी ओल्या वाळूवर ओळीनं उभी राहिली, कपाळावर हात धरून, समुद्राकडे तोंड करून. "दिसणा नाय," "तो बघ, तो काळा," "ता खडक मेल्या," असं सुरू झालं.

मी पदर खोचला, वाडीच्या नि समुद्राच्या मधे गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले, आणि यांच्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, ओ दिली.

"समुद्रात काय बघतास?" मी वाडीला म्हटलं. "तेंनी माका हाक मारली."